शिक्का नसलेली परवानगी

सुभेदारांनी पासपोर्ट उघडला, उलटा धरला आणि टेबलावर झटकला. काहीच पडलं नाही.

"कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काय, साहेब?"

"आवं, परवानगी! ऑस्ट्रेलियाची. शिक्का न्हाई, सही न्हाई, चिकटवलेला कागूद न्हाई. कोरी पानं घिऊन आमच्या बहिणीनं इमानात बसायचं व्हय?"

"परवानगी झालीय साहेब. ती कॉम्प्युटरमध्ये आहे."

"कुठल्या?"

"सांगलीच्या."

"मग तिनं सांगलीचा कॉम्प्युटर डोक्यावर घिऊन जायचं का तिकडं?"

बाकावरचे दोघे गिऱ्हाईक हसले. मी हसलो नाही. आतून मला सुभेदारांचं पटत होतं, आणि पटत होतं याचा आनंदही होत होता. त्या आनंदातूनच पुढचं सगळं घडलं.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका ट्रॅव्हल ऑफिसात कामाला होतो. माझं गाव पुसदकडचं. शाळा आठवीत सुटली. मामाबरोबर साताऱ्याच्या एमआयडीसीत आलो, मामाची कंपनी बंद पडली, मामा परत गेला आणि मी राहिलो. ऑफिसचे मालक अण्णा. त्यांनी मला आधी झाडलोटीला ठेवलं, मग फॉर्म भरायला शिकवलं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं मी त्यांच्यासमोर बसून, जुन्या फॉर्मच्या पाठीवर गिरवली. ज्या गावात आपलं कुणी नाही तिथं एखादा माणूस आपल्याला टेबल-खुर्ची देतो, तेव्हा ती खुर्ची जाईल ही भीतीही सोबत येते. मी रोज वेळेआधी यायचो ते त्या भीतीपोटी.

माझं मुख्य काम व्हिसाचं. व्हिसा म्हणजे परदेशात शिरायची परवानगी. तेव्हा त्यासाठी मुंबईला जावं लागे. गिऱ्हाइकांचे पासपोर्ट पिशवीत घालून, पिशवी शर्टाच्या आत छातीशी धरून मी दर सोमवारी एसटीनं जायचो. वेगवेगळ्या वकिलातींच्या रांगेत उभा राहायचो आणि आत स्टिकर चिकटवलेले पासपोर्ट घेऊन परत यायचो. गिऱ्हाईक स्टिकरवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "विलासराव, तुमच्यामुळं झालं बघा." ते ऐकायला मी सात-सात तास उभा राहत असे.

मग मनीषा आली.

मनीषा सांगलीची, बी.कॉम. झालेली. मुख्य ऑफिस सांगलीला, अण्णा तिथंच बसायचे, गुरुवारी साताऱ्याला येत. विमानाची तिकिटं काढायचा कॉम्प्युटर अण्णांनी सांगलीत बसवला आणि तो चालवायला मनीषाला घेतलं. तिला काचेची खोली. खोलीत एसी, कारण कॉम्प्युटर तापतो. चाकांची खुर्ची. मी नऊ वर्षं काम केलं, पण पंख्याखाली टेबल सरकवायला मला दोनदा विचारावं लागलं होतं.

गुरुवारी अण्णा आले की सुरू व्हायचे. "पोरगी लय हुशार हाय रं विलास. बोटं बघावीत तिची."

"हो ना," मी म्हणायचो, आणि पेनाचं टोपण उगाच घट्ट दाबायचो.

त्यातच ऑस्ट्रेलियानं नवी पद्धत काढली. ठरावीक देशांच्या पासपोर्टवाल्यांनी थोड्या दिवसांसाठी तिकडं जायचं असेल तर स्टिकर नको, रांग नको. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर तिकिटाच्याच कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. मंजूर असं उत्तर तिथंच येतं. त्याला ईटीए म्हणत. एसटीच्या रिझर्व्हेशनसारखं समजा. आपल्या हातात काही नसलं तरी कंडक्टरच्या तक्त्यात आपलं नाव असतं. भारतीय पासपोर्टला ही सोय नव्हती, त्यामुळं माझी सोमवारची एसटी चालू होती. पण आज त्यांचे पासपोर्ट, उद्या सगळ्यांचे, हे मला आठवी शिकूनही कळत होतं.

सुभेदारांची बहीण शांता सिस्टर. त्यांच्या वस्तीतून परदेशी गेलेली पहिली बाई. तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला गेल्या, तिथल्याच नागरिक झाल्या, रिटायर होऊन साताऱ्याला भावाशेजारी घर बांधून राहिल्या. त्यांची एकुलती एक मुलगी मेलबर्नला. पहिलटकरीण, बीपी चढलेलं, डॉक्टरांनी बाळ लवकर काढायचं ठरवलं होतं. जावई एकटा. सिस्टरना पुढच्या शुक्रवारच्या विमानात बसायलाच हवं होतं. दहा दिवस हातात होते.

सिस्टरचा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून काम मनीषाकडे. मी फोनवर नंबर वाचून दाखवला आणि चहाचा कप तोंडाला लावला. "झालं," ती म्हणाली. चहा अजून पोळत होता.

आणि त्याच दुपारी पासपोर्ट न्यायला सुभेदार आले होते, कारण घरातली कागदपत्रं बघणं हे थोरल्या भावाचं काम.

मी त्यांच्यासमोरच सांगलीला फोन लावला. "मॅडम, गिऱ्हाईक शिक्का मागतंय."

"शिक्का नसतोच विलासदादा. हवी तर प्रिंटआउट पाठवते. तुम्ही पासपोर्टला हात लावू नका."

पासपोर्टला हात लावू नका! नऊ वर्षं ज्यानं लोकांचे पासपोर्ट छातीशी धरून नेले, त्याला सहा महिन्यांपूर्वी आलेली मुलगी हे सांगत होती. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. मी ती घालून ऐकली.

"काय म्हणती ती बाई?" सुभेदारांनी विचारलं.

"ती नवीन आहे," मी म्हणालो.

ड्रॉवरमध्ये आमच्या ऑफिसचा गोल शिक्का होता, मधे विमानाचं चित्र. फाइलींवर, पाकिटांवर मारायचा. मी पासपोर्टचं कोरं पान उघडलं, शिक्का पॅडवर दाबला आणि नीट सरळ मारला. खाली 'ऑस्ट्रेलिया मंजूर' असं इंग्रजीत लिहिलं आणि सही केली.

सुभेदारांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "ह्याला म्हणत्यात काम! फौजेत शिक्क्याबिगर मला कुणी गेटाभाईर सोडलं न्हाई गड्या, आन् ही निघाली ऑस्ट्रेलियाला." बाहेर पडताना ते बाकावरच्या दोघांना म्हणाले, "ह्या पोराकडनंच करून घ्या. सांगलीचं काय खरं न्हाई."

त्या वाक्यावर माझा सगळा दिवस मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी शांता सिस्टर पायरीवर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला.

"हे कधी मारलंस?"

"काल दुपारी."

"आणि आत्तापर्यंत कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. का सिस्टर? चुकलं का?"

"पासपोर्ट माझा नाही विलास. सरकारचा आहे. त्यावर कुठल्याही दुकानदाराला शिक्का मारता येत नाही. एअरपोर्टवर म्हणतील, ही परवानगी बनावट आहे. खरी आत कॉम्प्युटरमध्ये असली तरी ह्या पानामुळं मला बाजूला उभं करतील. आणि माझ्या पोरीकडं तेवढा वेळ नाही." मग खुर्चीत बसल्या. "वॉर्डात चुकीचं औषध गेलं की मी आधी वेळ विचारायची. नावं नंतर. चल, नवा पासपोर्ट मागावा लागेल. मी फोटो काढून येते, तू तुझ्या मालकांना फोन कर."

फोन लावला. सगळं सांगितलं.

अण्णा म्हणाले, "शिक्का मारायचं कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

मला खुर्ची दिसत होती. परतीची एसटी दिसत होती. मी म्हणालो, "सांगलीशी बोलूनच केलं अण्णा."

"मनीषानं सांगितलं?"

मी गप्प राहिलो. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं, हे त्यांना कळलं आणि मलाही.

खोटं बोलल्यावर मन खातं असं म्हणतात. मला पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. काचेच्या खोलीत अण्णा आता काय बोलत असतील याचं चित्र मी बघत बसलो. एकदा तरी तिला ऐकून घ्यावं लागतंय, एवढंच डोक्यात होतं.

मग फोन वाजला. मनीषाचा. आवाज जड होता, नुकतंच नाक पुसल्यासारखा. मी मनात उत्तरं तयार केली. तिनं एकही प्रश्न माझ्याबद्दल विचारला नाही.

"विलासदादा, सोमवारची वाट बघू नका, आजच निघा. लेटरहेडवर पत्र न्या, चूक एजंटची आहे, प्रवाशाची नाही असं. आणि लक्षात ठेवा, कालची परवानगी जुन्या नंबरवर आहे. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर. जुनी चालणार नाही. नंबर हातात पडला की आधी मला फोन. मी जागेवरच असेन."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिनं आठवण केली नसती तर सिस्टर नवा कोरा पासपोर्ट घेऊन विमानतळावरून परत आल्या असत्या. ती चांगली वागली म्हणून माझा हेवा कमी झाला असं नाही. वाढला. रडून झाल्यावरही तिचं डोकं चालत होतं. माझं न रडताही चालत नव्हतं.

स्टँडवर सुभेदार पिशवी घेऊन हजर. "मी बी येतो. म्याच मारायला लावला शिक्का."

"दादा, तू घरी बस," सिस्टर म्हणाल्या. "तू आलास तर तिथल्या साहेबाला पण शिक्का मागशील."

मुंबईत सिस्टर भाचीकडे उतरल्या, मी ब्रिटिश वकिलातीबाहेरच थांबलो, आणि सकाळी दोघं खिडकीशी गेलो. खिडकीतल्या साहेबानं ते पान बघितलं, विमानाचं चित्र बघितलं, पत्र वाचलं. मग काचेतून माझ्याकडं बघितलं. पत्राखालची सही माझी होती. सिस्टर त्यांच्याशी इंग्रजीत बोलल्या. मला एक शब्द कळला, 'डॉटर'. साहेबानं मान हलवली. सोमवारी या म्हणाले. सोमवारी म्हणाले, उद्या. त्या उद्याला नवा पासपोर्ट मिळाला. सोबत जुना, कोपरा कापून रद्द केलेला. शुक्रवारला तीनच दिवस उरले होते.

मी एसटीडी बूथमध्ये घुसलो. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली.

"बोला," मनीषा म्हणाली.

मी नंबर एकेक आकडा करून वाचला. तिनं परत वाचून दाखवला. मग मला राहवेना. बूथच्या काचेबाहेर सिस्टर उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"मॅडम, अण्णांना तुमचं नाव मी सांगितलं होतं. शिक्क्याचं."

"माहितीय," ती म्हणाली. "जन्मतारीख पुन्हा सांगा."

मी सांगितली. कळा दाबल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी फोन इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला.

"झालं," ती म्हणाली.

मी काचेतून सिस्टरना मान हलवून खुणावलं. त्यांनी डोळे मिटले आणि तिथंच पायरीवर बसल्या.

साताऱ्याला आलो. गुरुवारी अण्णा आले तेव्हा मी उभं राहून खरं ते सांगितलं. वाटलं होतं, आता 'उद्यापासून येऊ नको' ऐकायचं. अण्णा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी त्या पोरीला नको नको ते बोललोय रं. आता ते परत कुठनं आणू? चल, गाडीत बस."

सांगलीला काचेच्या खोलीत शिरल्यावर मी तोंड उघडायच्या आधी अण्णा, तिच्या बापाच्या वयाचा माणूस, हात जोडून म्हणाले, "मनीषा, माझं चुकलं." मला बोलायला त्यांनी काही ठेवलंच नाही. त्या दिवसाइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. मनीषा गडबडून उठली आणि म्हणाली, "अण्णा, बसा ना." माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

शुक्रवारी सिस्टर गेल्या. शनिवारी सुभेदार ऑफिसात आले ते वैतागूनच. "इमानतळावर म्हणं खिडकीवरल्या पोरीनं नंबर टायप केला, पडद्याकडं बगितलं आन् सोडलं. परवानगी दाखवा म्हणून कुणी इचारलं सुदिक न्हाई. असलं कसलं सरकार म्हणायचं?" पुढच्या आठवड्यात त्यांनी पेढे आणले. नात झाली होती, आणि मुलगी शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती.

मला अण्णांनी काढलं नाही. त्यांनी मला महिनाभर सांगलीला पाठवलं, मनीषाच्या शेजारी बसून शिकायला. ती नीट शिकवायची आणि कामापलीकडं बोलायची नाही. ते तिचं बरोबर होतं. मी आजही तिच्याइतक्या वेगानं टाइप करत नाही, आणि आजही ते मला टोचतं.

हे काम अजून करतो, म्हणून वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. पासपोर्ट बदलला की जुन्या नंबरावरची परवानगी संपली असं समजा, आणि तिकीट हातात असलं तरी आधी ते बघा. दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी. शेजारच्या टेबलाचा हेवा वाटत असेल तर वाटू द्यावा, तो काही औषधानं जात नाही. पण तेवढा वेळ गिऱ्हाइकाच्या कागदाला हात लावू नये. उठून पोस्टात जाऊन यावं.