आयन बंद असताना हललेला काटा

माझा थोरला भाऊ विरुपाक्ष, आमचा अण्णा, सोलापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. आम्ही शुक्रवार पेठेत राहत होतो. नोकरी टिकवायची तर सत्त्याहत्तरच्या जूनपर्यंत पीएच.डी. हवी, असं संस्थेनं लिहूनच दिलं होतं.

त्याचा विषय त्यानं मला समजावला तसा सांगते. हेलियमच्या अणूला विजेचा झटका दिला की तो उत्तेजित होतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन सैल होतो. शेजारून आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला दुसरा अणू, हळू गेला तर तो हा सैल इलेक्ट्रॉन काढून घेतो. असं किती वेळा होतं ते अण्णा मोजत होता. हवा काढलेल्या काचेच्या नळीत हे चालायचं. इलेक्ट्रॉन गेला की आतल्या पट्टीवर किंचित वीज यायची आणि मीटरचा काटा हलायचा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटर एका टोकाला, स्विच दुसऱ्या टोकाला. मी मॅट्रिक झालेली, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. काटा वाचायला तो मला नेऊ लागला. तेव्हा वीजकपात फार. चार तास वीज मिळायची, त्यातले तीन पंपानं हवा काढण्यातच जायचे. म्हणून अण्णा सगळं बंद असतानाच शून्य बघायचा आणि मग उत्तेजित अणूंचा आणि आयनचा, दोन्ही स्विच एकदम लावायचा. पाच वर्षं असंच चाललं.

शहात्तरच्या डिसेंबरात प्रबंध टाइप होऊन आला. एक आकडा तपासायचा राहिला होता म्हणून आम्ही गेलो. आयनचा स्विच अडकला, नुसते उत्तेजित अणूच सुटले.

"अण्णा, बावीस."

"आयन बंद हाय, मल्लव्वा. नीट बघ की."

"बावीसच हाय."

तो मीटरपाशी आला. स्विच सोडवून त्यानं आयनही सोडले. चोवीस. रोज चोवीसच यायचे. उत्तेजित अणू पट्टीवर आदळून तिच्यातलेच इलेक्ट्रॉन उडवत होते, आणि पाच वर्षं आम्ही तेच मोजत होतो.

"उरले दोन," अण्णा म्हणाला. "तेवढा तर काटा उगीच थरथरतो."

अण्णानं हे पुण्याच्या मार्गदर्शकांना लिहिलं. त्यांनी कळवलं, आहे तसं पाठवा, परीक्षकांच्या लक्षात येणार नाही.

अण्णा जेवताना म्हणाला, पाठवणार नाही, तशी बसम्मावहिनी ताटावरून उठली. "तुमचा इलेक्ट्रॉन हिकडनं तिकडं गेला काय आन् न गेला काय, कोण बघायला आलंय? पोरींना काय, काटा खायला घालू?" मग माझ्याकडं वळली, "आन् ह्या बाईसाहेब! गप बसायला काय झालं होतं?"

"तिला वाचायलाच बसवलं होतं," अण्णा म्हणाला.

खरं सांगते, त्या सोमवारी सिद्धेश्वरापुढं मी हेच मागितलं की अण्णानं प्रबंध पाठवावा.

त्यानं पाठवला नाही. जूनमध्ये नोकरी गेली. टेंभुर्णीच्या एका शाळेत गणित शिकवायला मिळालं. वहिनी पोरींना घेऊन अक्कलकोटला माहेरी गेली.

पुढच्या दिवाळीत मी त्याला भेटायला गेले. खोलीत अंथरूण, एक पातेलं आणि स्टोव्ह.

"वहिनीला बोलावून घे की."

"दोनदा लिवलं. उत्तर न्हाय."

मग त्यानं चप्पल घातली आणि माझ्या चहासाठी दूध आणायला गेला.