मिस्त्रीबाबांच्या ढलप्या

लाकडाचा तुकडा हातात दिला की मिस्त्रीबाबा आधी तो चाटत. राळेगावात नव्याने आलेल्या माणसाला ते पाहून कसंसंच व्हायचं. मग ते पटाशीने तुकड्याचं टोक साफ तासत, थुंकी लावून ओलं करत, उन्हाकडे तिरकं धरत, नाकाशी नेत, आणि एवढं झाल्यावर नाव सांगत. घाई केली तर म्हणत, "थांबा ना सर. त्यालेच इचारून राह्यलो."

मी तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. यवतमाळच्या नोकरदार घरातला. झाडं शिकलो ती पुस्तकातून. प्रयोगशाळेत झाडं ओळखायचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पान, फूल, फळ पाहत पाहत नावापर्यंत पोचायचं. एकदा स्टुलाचा पाय बसवायला मिस्त्रीबाबा आले, तेव्हा त्यांनी ते चाळलं.

"पान पाहून तं बकरीबी ओळखते. झाडाची फळी झाल्यावर कोणतं थे सांगते का हे?"

ते पुस्तक सांगत नव्हतं.

पुढच्या रविवारी ते सायकलला बांधून चहाचं एक खोकं घेऊन आले. आत तळहाताएवढ्या ढलप्या. उमेदवारीपासून केलेल्या प्रत्येक वेगळ्या लाकडाच्या कामातली एक ढलपी त्यांनी जपली होती. लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून कशावरच नाव नव्हतं. दर रविवारी ते सांगत आणि मी चिठ्ठी डकवी. "तिवस. बाभुळगावच्या बैलगाडीची धुरी." "हळदू. पाहा कसं पिवळं हाये. फण्या याच्याच." बिजा या झाडाची ढलपी त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवली. थोड्या वेळाने पाण्यावर निळसर झाक आली. एवढी वर्षं मी शिकवत होतो, मला हे माहीत नव्हतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावोगावचे बैल विकले गेले, आणि बैल गेल्यावर गाड्या वीटभट्टीवर सरपणाला येऊ लागल्या. मिस्त्रीबाबा भट्टीवर जाऊन बसत. त्यातल्या कितीतरी गाड्या त्यांच्याच हातच्या होत्या. कोण विकून गेलं, हे ते विचारत नसत. फोडायच्या आधी चाकाची, कण्याची एकेक ढलपी मागून घेत. अशानं खोकं काठोकाठ भरलं. मुलांना पाहता यावं म्हणून ते आम्ही प्रयोगशाळेत ठेवलं. ठेवू या, असं मीच म्हणालो होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजात साफसफाई झाली. जूनमध्ये कपाट उघडलं तर खोकं नाही. शिपाई म्हणाला, "थो लाकडाचा कचरा? जाळला ना सर. तपासणी होती."

मी तसाच मिस्त्रीबाबांकडे गेलो. ते अंगणात कुणाच्या तरी दाराची चौकट ठोकत होते. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"कोणती पयले पेटली?"

"मी नव्हतो तिथे, बाबा."

"सालईच असन. डिंक असते तिच्यात."

आणि त्यांनी हातोडी उचलली. क्षमा मागायची म्हणून रस्त्यात वाक्यं जुळवली होती, ती तशीच राहिली. त्या वर्षांत गावच तसं झालं होतं. कुणाचं बरंवाईट कळलं की लोक "बरं" म्हणत आणि हातातलं काम पुढे चालू ठेवत. मीही घरी जाऊन जेवलो. अन्नाची चवही लागली.

नवं खोकं करू, असं मी सुचवून पाहिलं. "गाड्या कुठून आणता?" एवढंच ते म्हणाले. पण रविवारी आले. मी वही उघडली, आणि त्यांनी डोळे मिटून एकेक ढलपी सांगायला घेतली. कोणतं लाकूड, कशाचं, कोणत्या गावचं. चव, वास, ओलं केल्यावरचा रंग. सांगताना मांडीवर बोटं हलत, खोक्यात चाचपावं तशी. तीन रविवार लागले. शेवटी मी वही मिटली, पण ते उठेनात.

"एक राह्यली."

"दोन-चार इकडेतिकडे झाल्या असतील, बाबा."

"नाही. एकच. पण मले आठवून नाही राह्यली."

संध्याकाळ झाली तरी ते बसून होते. वहीचं शेवटचं पान मी कोरं ठेवलं.

त्या पावसाळ्यात त्यांना दिसेनासं झालं. मुलगी मारेगावला दिलेली होती, ती येऊन घेऊन गेली. एसटीत बसवायला मी गेलो होतो. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, तो मी धरला, आणि गाडी सुटली.

थंडीत स्टाफरूममध्ये फोन आला. मुलगी होती.

"सर, बाबा गेले. आठ दिवस झाले."

"बरं," मी म्हणालो.

"तुमाले एक सांगाले सांगतलं होतं त्याइनं. शिवणीच्या झाडाची ढलपी म्हणे. सरच्या वहीत लिहाची राह्यली."

"कशाची शिवण?"

ती म्हणाली, "माह्या पायण्याची."

मी कपाटातून वही काढली. शेवटच्या पानावर लिहिलं: शिवण, मुलीचा पाळणा, राळेगाव. चव आणि वासाच्या जागा तशाच सोडल्या. तासाची घंटा झाली होती. खडू घेतला आणि वर्गावर गेलो.