त्याच्या अंगावरचा सदरा

तवा कपड्यांच्या ढिगापाशी मी, माजी सून सुमन आन तो कपडेवाला, एवढीच मानसं व्हती. पनवेलच्या बाजारात रस्त्याकडंला तो कंपनीचं उरलेलं कपडं विकायचा. रोज दिसायचा, नाव कदी इचारलं नाय.

उन्हानं माजे हात सोलले व्हते. डॉक्टर बोलला, खाडी सोडा. मी सोडनार नव्हते. खाडीतल्या शिंपल्यांची कालवं काढून इकल्याबिगर आमचं घर चालत नाय.

सुमननं त्याला सांगितलं, सासूला खाडीत हात झाकायला सदरा पायजे, आन फुलांचा एक उचलला. त्यानं तो उन्हाला धरला, वर बाटलीतलं पानी वतलं आन मान हलवली. परत्येक कपड्याला त्याची हीच खोड.

"नको, आजी. यातून ऊन आत येतं. भिजला की अंगाला चिकटेल."

"तुला विकायचा हाय का नाय?"

"खाडीत टिकेल तोच विकीन."

सगळा ढीग उपसला, एक पन पसंत पडंना. मंग त्यानं अंगातला राखाडी, लांब हाताचा सदरा काढून दिला. "हा घ्या. दोन उन्हाळे मी घातलाय, लगेच वाळतो."

आन तोच फुलांचा वला सदरा खांद्यावर टाकून उन्हात बसला.

आता तो तिथं बसत नाय. कुनाला भेटला तर येवडं सांगा, सदरा फाटला नाय, आन मी अजून खाडीत जाते.