तेवांगुचा पत्ता मीच लिहिला होता

गटातल्या मंडळींनो, राईतून परतताना घरी न जाता सायबर कॅफेत बसून हे लिहितेय.

तमिळनाडूतल्या ओरत्तनाडुजवळ, अय्यनार या ग्रामदेवाच्या देवराईत आम्ही एक वही टांगली आहे. ज्याला जो पक्षी, प्राणी दिसेल त्याने तो लिहायचा. पुरेशा नोंदी जमल्या की राईला सरकारी संरक्षण मागायचं. मागच्या रविवारी मी तिच्यात तमिळमधून लिहिलं: देवाला वाहिलेल्या मातीच्या घोड्यांपैकी तिसऱ्यामागचं जांभळाचं झाड, वेलींचा गुंता, तेवांगुची मादी आणि पिल्लू.

तेवांगु म्हणजे वीतभर, मोठ्या डोळ्यांचं लाजरं जनावर. वशीकरणाचं अंजन करायला लोक त्याचे डोळे काढतात.

आज सकाळी गुंत्यात पिल्लू एकटंच होतं. फांदी घट्ट धरून मेलेलं.

पुजारीअण्णांना विचारलं.

"मांत्रिकाची माणसं आली होती, अम्मा. वही वाचली आणि सरळ त्याच झाडावर चढली."

"आणि तुम्ही नुसतं बघत राहिलात?"

"बघायला नको? एक डहाळी मोडू दिली नाही मी! इथलं पान तोडलं तरी देव कोपतो." मग कौतुकाने हसले. "तुमचं अक्षर सुरेख हो, अम्मा. त्यांना कोणाला काही विचारावंच लागलं नाही."

पिल्लाची बोटं फांदीपासून मला सोडवता आली नाहीत. वही मात्र सोडवून आणली.

नोंदी थांबल्या तर राई वाचणार नाही, हेही मला कळतं. माझ्या जागी तुम्ही असता, तर वही परत टांगली असती का?