पिशवीखालचा पेपर

मुळशीतल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. त्याआधीची सगळी नोकरी पुण्यात, आयसीयूत गेली. कॉलेजात आम्ही तिघं एकदमच रुजू झालो. प्राचार्य मॅडमनी गुलाबाचं फूल दिलं, चहा झाला आणि मला तिसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर जवळच्या जांबे गावात घरभेटींसाठी पाठवलं. उन्हातान्हात गाव फिरायला जुनं कुणी खुशीनं जात नाही, हे स्टाफरूममध्ये नंतर हसत हसत सांगण्यात आलं.

प्रत्येक मुलीला एकेक घर नेमून दिलेलं असतं. एकीच्या वाट्याला एक आजी आल्या होत्या. जमीन विकून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि त्या हिंजवडीतल्या कंपन्यांच्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. आजींना शुगर होती, पायाच्या अंगठ्याखाली जखम होती आणि दवाखान्याचं नाव काढलं की त्या उठून आत जायच्या. मुलीनं गोडीगुलाबीनं त्यांना घरीच ड्रेसिंग करून घ्यायला तयार केलं होतं. असे पाय फार उशिरा दवाखान्यात आलेले मी पाहिले होते. काही झालं तरी हे ड्रेसिंग थांबता कामा नये, एवढं मला पक्कं कळत होतं. आणि ते थांबवलं मीच.

कुणाच्या घरी गेल्यावर नर्सनं आपली पिशवी थेट जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी, ही पुस्तकातली पद्धत. त्या दिवशी आजींनी नुकतीच फरशी पुसली होती, अजून ओल वाळली नव्हती. मुलगी पिशवी हातात धरून घुटमळली. इथे नको सर, असं हळूच म्हणाली. मी म्हणालो, पद्धत म्हणजे पद्धत. तिनं पेपर पसरला.

आजींनी पेपरकडे बोट दाखवलं.

"माझ्या घराची किळस येती व्हय गं तुला? मग माझ्या पायाला कशाला हात लावती?"

मी बोलायला हवं होतं. नवा सर मुलींसमोर पहिल्याच आठवड्यात चुकलेला दिसू नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी गप्प राहिलो आणि माझ्या वाटची बोलणी तिनं खाल्ली. आजींनी आम्हाला बाहेर काढलं. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. मला काही तोडून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कुकर लावताना आयसीयूतले माझे पेशंट आठवले. बरेचसे व्हेंटिलेटरवर असत, बोलू शकत नसत. मी त्यांची कूस बदलायचो, तोंड पुसायचो, सगळं मनापासून करायचो. पण त्यांना विचारायची सवय कधी सुटली, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पुन्हा गेलो. आजी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की पेपर मी टाकायला लावला, ही नको म्हणत होती.

"मग काल वाचा गेलती का तुमची?"

"घाबरलो आजी. नवीन आहे मी."

"ते दिसतंयच. नवी सून बी चार दिस इचारून करती, मास्तर."

मुलीनं तोंडावर ओढणी धरली. ती हसतेय हे बघून मला फार हलकं वाटलं.

पण पेपर कशाला लागतो, ते त्यांना कळायला हवं होतं. तुमची फरशी खराब होऊ नये म्हणून, एवढं सांगून मला सुटता आलं असतं. मी दोन्ही बाजू सांगितल्या. पिशवी घरोघर फिरते, तिची घाण तुम्हाला लागू नये. आणि तुमच्या घरातलं काही तिच्याबरोबर पुढच्या घरी जाऊ नये. आजींनी सुपातली सालं फुंकली.

"मग असं तोंडानं सांगायचं की. मुक्यानं पेपर टाकल्यावर माणसानं काय समजायचं?"

त्या लंगडत आत गेल्या आणि पाट घेऊन आल्या. पाटावर पेपर, पेपरवर पिशवी, असं त्यांनी स्वतः ठरवलं. मला मात्र उंबऱ्याशी बसवलं. पोरगी करंल, तुमी तितंच ऱ्हावा, म्हणाल्या.

मी बाहेरून ऐकत होतो. आता सलाइनच्या पाण्यानं धुते हं आजी, आता कोरडं करते, दुखलं तर सांगा, असं एकेक सांगत ती काम करत होती. कळ आली की आजी तिच्या खांद्यावर एक चापट द्यायच्या आणि पाय तसाच पुढे ठेवायच्या.

पट्टी बांधण्याआधी मुलीनं मला खुणेनं बोलावलं. जखमेच्या कडेला नवं लालसर मांस धरायला लागलंय, जखम भरून येतेय, असं तिला वाटत होतं आणि मी ते बघावं, अशी तिची इच्छा होती. मी लगेच उठलो नाही. आधी आजींकडे पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "बघा."