घोणस, दरड आणि जहांगीरचा लॅपटॉप

जहांगीर मुलाणीच्या हातून जुनी वस्तू भंगारात गेली, असं कापूरहोळात कुणी पाहिलेलं नाही. दुकान गाड्यांच्या वायरिंगचं, पण जीव सगळा हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांत. परवाना त्याचाही आणि बायको बिलकीसचाही. लोकांनी टाकून दिलेले दोन लॅपटॉप उचलून त्याने त्यांवर जुन्या यंत्रालाही झेपणारी लिनक्स प्रणाली चढवली. एक भोरला घरी, दुसरा रेडिओसोबत पाठपिशवीत. मोबाईलला रेंज नाही अशा डोंगरात जायचं, झाडावर अँटेनाची तार टाकायची आणि बिलकीसला चार शब्द पाठवायचे, हा नवराबायकोचा लाडका उद्योग. शेजारपाजारचे हसायचे. हसोत बापडे.

त्या आषाढात तो वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत गोरख नावाच्या शेतकऱ्याच्या पॉवर टिलरची वायरिंग करायला गेला आणि मागे रस्त्यावर दरड कोसळली. मोबाईलचा टॉवर आदल्या दिवसापासूनच बंद. अशात सकाळी भाताच्या खाचरात गोरखच्या बायकोला, सुलक्षणाला, घोणस चावली. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

गोरखचे वडील रखमाजी म्हणत होते, वर पठारावर विष उतरवणारा भगत आहे, तिकडे न्यावं. गोरखला दवाखाना हवा होता. पण दरडीपलीकडे गाडी उभी नसेल तर झोळी घेऊन भर पावसात पायपीट, आणि तेवढ्यात सुलक्षणा हातची जाणार. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं: गाडी येणार की नाही.

जहांगीरने पडवीत रेडिओ आणि लॅपटॉप मांडून टिलरच्या बॅटरीला जोडले. आवाज डोंगराआडून जाईना. अशा वेळी लॅपटॉप शब्दांचे बारीक सूर करून पाठवतो आणि ते पोचतात. अट एकच, दोन्हीकडची घड्याळं सेकंदाला जुळलेली हवीत. तो टाइप करायला बसला आणि घाईत पायाच्या धक्क्याने बॅटरीचा चिमटा निसटला. लॅपटॉपची आतली बॅटरी कधीचीच मेलेली, तो बंद. पुन्हा सुरू झाला तेव्हा घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. घड्याळ जपणारा बटण-सेल त्याने मध्यंतरी स्वतःच काढून एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या चावीत घातला होता. घरी इंटरनेट वेळ लावतंच की, म्हणाला होता. मोठा शहाणा.

त्याचा मोबाईल पावसात भिजून बंद पडलेला. गोरखच्या बटणांच्या मोबाईलवरून वेळ टाकली, पण ती कधीतरी हाताने लावलेली. सेकंदांचा मेळ बसेना. पडद्यावर एक अक्षर उमटेना. बाहेर रखमाजींनी झोळीला बांबू बांधायला घेतला.

"जहांगीर, गाडी येनार का न्हाई, येवढंच सांग. न्हाईतर आमी वर निघतो."

"बाबा, जरा थांबा. वर नेऊ नगा."

त्याने हेडफोन कानाला लावले. कुठकुठली माणसं त्या सुरांत बोलत असतात आणि सगळी ठरलेल्या सेकंदालाच सुरुवात करतात. पडद्यावर दिसत नसलं तरी कानाला तर येतं. सूर एकदम उठायचे, थांबायचे, पुन्हा उठायचे. ठरलेल्या सेकंदाचा आकडा घड्याळात टाइप करून, बोट एंटरवर ठेवून तो वाट पाहत राहिला. चुकला. परत चुकला. मग सूर उठले त्याच क्षणी कळ दाबली गेली आणि पडद्यावर अक्षरं सरसर उमटू लागली.

त्याने निरोप धाडला. उत्तर नाही. बिलकीस शिलाई मशीनवर बसली असेल, नमाजला उठली असेल, काहीही असेल. पुन्हा धाडला. बऱ्याच वेळाने एकेक शब्द रांगत आला. बिलकीसने भोरहून फोन लावले होते. रुग्णवाहिका निघाली, विषावरची लस आहे, दरडीशी या.

रखमाजींना वाचता येत नव्हतं. जहांगीरने वाचून दाखवलं. सुलक्षणाला झोळीत घालून त्यांनी बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मागचं गोरखने, आणि दोघं उताराला लागले.

घरात उरल्या गोरखची आई रतनबाई आणि त्यांच्या मांडीवर सुलक्षणाची तान्ही पोर. दुपारभर बाई पोरीला थोपटत राहिल्या. जहांगीर पडद्यापासून हलला नाही. बॅटरी उतरत चालली होती, आणि वाईट बातमी आपल्यालाच सांगावी लागेल या भीतीने त्याचा जीव अर्धा झाला होता. दिवस कलताना बिलकीसचे शब्द आले, दवाखान्यातून फोनवर कळलेले. तो उठला आणि रतनबाईंसमोर येऊन बसला.

"बोलतीय ती, मावशी. पोरीनं दूध पिलं का, इचारतीय."

रतनबाईंनी पोरीला छातीशी धरलं आणि मग कुठं त्यांना रडू फुटलं. जहांगीरलाही.