पॅसेजमधली कपाटं

आईचा मराठीचा वर्ग बंद पडायला आला होता, आणि त्याबद्दल कोणाशी भांडायचं तेच मला कळत नव्हतं. भांडायला समोर कोणी नसलं की माझी फार अडचण होते.

वर्ग जुना. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शनिवारी संध्याकाळी आई समोरच्या हिरवळीवर सतरंजी टाकायची आणि बदलीवर आलेल्या मराठी घरांतली मुलं येऊन बसायची. शाळेत हिंदी-इंग्रजी, खेळताना हिंदी, त्यामुळे घरी उरलेली मराठीही मुलांच्या तोंडून झिजत चाललेली. आई त्यांना गोष्टी सांगायची, म्हणी विचारायची. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही मयूर विहारला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. मुलांचे आईबाप कोणी गुडगावला गेले, कोणी नोएडाला. सतरंजी गेली आणि लॅपटॉप आला. तरी वर्ग चालू राहिला, याचा आईला जरा अभिमानच होता.

मागच्या खोलीत तिचा फळा, पुस्तकं आणि खिडकीचा चांगला उजेड. राऊटर मात्र पुढच्या दाराशी, चपलांच्या स्टँडवर, कारण वायर तिथून आत येते. या दोन टोकांच्या मधे आईचा आवाज हरवायचा.

"आजी, आपकी आवाज़ कट रही है."

"मराठीत सांग, बाळा."

"आजी, तुमचा आवाज कटतोय."

"तुटतोय म्हणायचं," आई म्हणायची, आणि नेमकं तेवढंच तिकडे पोचायचं नाही. पडद्यावरची तोंडं एकमेकांकडे बघून हसायची. कोणी कॅमेरा बंद करून टाकायचं. आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, "आवाज येतोय का?" विचारून. तासाचा निम्मा वेळ या एका प्रश्नात जायला लागला. मुलं गळू लागली. प्रत्येक वेळी एखाद्या आईचा गोड मेसेज यायचा, की सध्या अभ्यास वाढलाय, नंतर नक्की जॉइन करू. आई वाचून फोन पालथा ठेवायची आणि कुकर लावायला जायची.

मी कंपनीकडे तक्रार केली. एक माणूस आला, राऊटरच्या खाली उभा राहिला, फोनवर एक आकडा आणून मला दाखवला. "मॅडम, स्पीड तो पूरी आ रही है."

"भैया, पीछे के कमरे में देखो ना. वहाँ नहीं आती."

"पीछे का हमारा नहीं है, मॅडम. हमारी ज़िम्मेदारी डिब्बे तक."

"मग डब्याला कान लावून शिकवू का?" आई आतून मराठीत म्हणाली. तो विनयाने हसला आणि गेला. लिफ्ट खाली पोचायच्या आत मला मेसेज आला की आपली तक्रार मिटवण्यात आली आहे, सेवेला किती तारे द्याल. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा एक माणूस, पुन्हा राऊटरच्या खाली, पुन्हा तोच आकडा. तिसऱ्या वेळी फोनवरच्या मुलीने मला राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे देवाच्या दिव्यापेक्षा हे जास्त वेळा बंद-चालू होतं. ती म्हणाली, "जी मॅडम, एक बार फिर से कर लीजिए."

मग मी रिपीटर आणला. राऊटरचा सिग्नल पकडून तो पुढे पाठवायचा, एवढंच त्या छोट्या डब्याचं काम. मी तो आईच्या टेबलापाशी लावला. लॅपटॉपवर सगळ्या दांड्या भरून दिसल्या, आणि आवाज तसाच तुटका. हे मला फार लागलं. नुसतं बिघडलेलं यंत्र मी सहन करते, खोटं बोलणारं नाही. पण यंत्र खोटं बोलत नव्हतं. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? तो वाटेत मधे कुठेतरी लावायला हवा होता. मधे आमचा पॅसेज, आणि पॅसेजमधला एकुलता एक प्लग बाबांच्या दोन लोखंडी कपाटांपैकी एकामागे.

हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. आमच्या घरात अन्याय झाला की आधी पत्रक निघतं. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांच्या प्रुफांवर. बाबा कर्मचारी संघटनेत होते. सुट्टीत इतर मुलं मामाकडे जायची, मी जमिनीवर बसून पत्रकांना घड्या घालायची. कडक इस्त्रीसारखी घडी पडली पाहिजे, असं बाबा म्हणायचे, मळकट कागद कोणी वाचत नाही. घराबाहेर जाणारा प्रत्येक मजकूर, मग तो दुधवाल्याची चिठ्ठी का असेना, बाबांच्या लाल पेनाखालून जातो, हा आमचा नियम. आजही आहे.

तर मी हिंदीत पत्रक लिहिलं. कंपनी पैसे पूर्ण घेते आणि नेट अर्धं देते, सोसायटीने एकाच कंपनीला मुभा का दिली, ग्राहकांनो एकत्र या. बाबांनी दोन विशेषणं उडवली, एक वाक्य वर घेतलं आणि खूप दिवसांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. मी प्रत्येक दाराच्या फटीतून ते आत सरकवलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. बँकेतून निवृत्त, पंजाबी, हातात माझं पत्रक. "बेटा, लिखा बहुत बढ़िया है. पर हमारा तो बिल्कुल ठीक चलता है."

"पीछे के कमरे में भी?"

"वहीं बैठ के तो मैच देखता हूँ."

त्यांची कंपनी तीच, फ्लॅट तसाच, राऊटरही दाराशीच. माझा विश्वास बसेना. मी त्यांच्याबरोबर वर गेले आणि त्यांच्या वाय-फायला जोडलेला फोन समोर धरून दारापासून मागच्या खोलीपर्यंत चालत गेले. फोन छान चालला. खाली येऊन आमच्या घरात तशीच चालले. पॅसेजमध्ये शिरेपर्यंत सगळं ठीक. कपाटांच्या पलीकडे पाऊल टाकलं आणि फोनचा जीव गेला. काका माझ्यामागून डोकावत होते. "ये अलमारियाँ हैं या बैंक का स्ट्रॉन्ग रूम? मेरी ब्रांच में भी इतना लोहा नहीं था."

आमच्या पॅसेजला मध्यावर एक वळण आहे आणि तिथे दोन्ही कपाटं उभी. जुनी, जाड पत्र्याची, छतापर्यंत. आत बाबांची सगळी पत्रकं, सालवार, विषयवार, सुतळीने बांधलेली. राऊटरकडून मागच्या खोलीकडे जाणाऱ्या सिग्नलला त्या पत्र्याला धडकण्यावाचून वाट नव्हती.

मी बाबांकडे गेले. "बाबा, कपाटं हलवायला लागतील."

"कंपनी काय म्हणते?"

"कंपनीचा यात दोष नाही."

"हे तुला कंपनीनेच सांगितलं असणार."

"लोखंडातून सिग्नल जात नाही, बाबा. वर काकांकडे मी स्वतः बघून आले."

"इतकी वर्षं सरकारला आमचा आवाज अडवता आला नाही. आता माझं कपाट तुझ्या आईचा आवाज अडवतं म्हणतेस?"

"हो. तेच म्हणतेय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आत एक क्रम आहे. हलवलं की गेला. आणि ठेवणार कुठे? बाल्कनीत पाणी येतं."

"माझ्या खोलीत ठेवा."

"बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. फक्त त्याचा ठराव होत नाही.

पुढच्या शनिवारी आईने कोणाला काही न विचारता लॅपटॉप उचलला, स्टूल घेतलं आणि पुढच्या दारात, चपलांच्या स्टँडशेजारी बसली. वर्ग सुरू झाला. आवाज खणखणीत गेला. पण मधेच कचरेवाला आला. मग कुरिअर. मग इस्त्रीवाला कपडे घेऊन उभा, आणि आईने मुलांना "एक मिनिट हं" म्हणून शर्ट मोजून घेतले. कॅमेऱ्यात तिच्या डोक्यामागे आमच्या चपला. एका मुलाने विचारलं, "आजी, आप शू-शॉप में हो?" सगळे हसले. आईही हसली, आणि तिने बाबांची कोल्हापुरी उचलून पडद्यासमोर धरली. "हिला काय म्हणतात? नुसतं चप्पल नाही. वहाण. आणि हे पायताण. म्हणा."

मुलांनी म्हटलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून दात आवळत होते. पॅसेजमधल्या कपाटात बाईच्या कामाला मान द्या असं सांगणाऱ्या पत्रकांचा अख्खा गठ्ठा होता. त्याला घड्या मीच घातल्या होत्या. तो गठ्ठा सुखरूप राहावा म्हणून बाई दारात, जोड्यांपाशी बसून शिकवत होती.

वर्ग संपल्यावर मी तिला म्हणाले, "तू इथे का बसलीस? आधी बाबांशी भांड."

"भांडायला तुम्ही दोघं आहात की. मला शिकवायचंय." तिने स्टूल आत नेलं.

पण दारातला वर्ग फार टिकला नाही. दर खेपेला काहीतरी यायचं, आणि बाबाही अडकून पडायचे, कारण फिरायला जायची वाट आईने अडवलेली. मग एका मुलाच्या आईचा मेसेज आला की त्याच वेळेला रोबोटिक्सचा क्लास आहे, शिवाय तुमच्याकडे डिस्टर्बन्स फार असतो. तो वाचून आईने फोन पालथा ठेवला नाही. टेबलाशी बसून तिने एक कागद लिहिला आणि बाबांपुढे सरकवला. "अहो, ग्रुपवर टाकायचंय. बघून द्या."

दिवाळीनंतर वर्ग बंद करत असल्याचं त्यात होतं. चार ओळी. कोणावर ठपका नाही, वाय-फायचा उल्लेख नाही, सर्व पालकांचे आभार.

बाबा एरवी चहा संपायच्या आत मजकूर लाल करून परत देतात. त्या दिवशी ते पेन हातात धरून बसून राहिले. जेवायला बसले तरी कागद त्यांच्या खिशात.

"झालं का बघून?" आईने विचारलं.

"चूक नाही काही," ते म्हणाले. आणि कागद दिला नाही.

मी बोलणार होते. इतकी वर्षं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. आईने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि डोळ्यांनीच गप्प केलं.

सकाळी उठले तर दिवाणावर, जेवणाच्या टेबलावर, फ्रिजवर, सगळीकडे गठ्ठे. बाबा जमिनीवर बसून प्रत्येकावर खडूने क्रमांक टाकत होते. "कुठे न्यायची म्हणालीस कपाटं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. वरच्या काकांना हाक मारली. ते बनियनवरच आले, एक कड धरली आणि म्हणाले, "भाई साहब, इन्क़लाब बहुत भारी है आपका." बाबा हसले नाहीत, पण पकड सैलही केली नाही.

कपाटं आता माझ्या खोलीत आहेत. माझ्या पलंगावर फोनला नेट धड मिळत नाही. पॅसेजच्या भिंतीवर दोन उजळ चौकोन राहिलेत आणि त्यांतल्या एकात तो प्लग. त्यात रिपीटर बसवला, आणि आई आपल्या फळ्यासमोर जाऊन बसली. आवाज स्वच्छ जायला लागला.

पण मुलं परत आली नाहीत. रोबोटिक्सला गेलेला तिकडेच रमला. ज्यांनी नंतर नक्की येऊ म्हटलं होतं त्यांना मी स्वतः फोन केले, आणि सगळ्यांनी अच्छा, बिल्कुल, नेक्स्ट वीक म्हटलं. उरली मोजकी. इतके महिने मी कंपनीवर दात धरून बसले, बाबा कपाटावर हात ठेवून बसले, आणि तेवढ्यात वर्ग विरळ झाला. याचा राग अजून जात नाही, आणि त्याचं पत्रक काढता येत नाही.

आईला सवय लागली आहे. आवाज नीट जात असतानाही ती दर थोड्या वेळाने थांबते आणि विचारते, "आवाज येतोय का?" परवाही विचारलं. बाबा फिरायला निघाले होते, ते पॅसेजमध्ये थांबले. मीही थांबले.

"येतोय, आजी," तिकडून एक मुलगी कंटाळून म्हणाली. "केव्हाचा येतोय. पुढे सांगा ना."

बाबांनी वहाणा घातल्या आणि दार हळू ओढून घेतलं. आईचा तो कागद त्यांनी अजून परत दिलेला नाही, आणि तिनेही मागितलेला नाही.